कारल्यातले इन्शुलिन

गेल्या वर्षी पोळ्याला सासुरवाडीला गेलो होतो. माझी सासुरवाडी पांढुर्ण्याची. गोव्यात हे सांगितले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे महाराष्ट्रात कुठे?" मग मी सांगतो की महाराष्ट्रात नव्हे, मध्य प्रदेशात. नागपूरहून इटारसीच्या वाटेला रेल्वेने शंभरेक किलोमीटर गेले की पांढुर्णा लागते. सावनेरवरून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागले की सौंसर. दोन्ही गावांत घराघरांत मराठी बोलतात, दुकानाच्या पाट्या हिंदी आणि शेतात नागपुरी संत्री.

हा सगळा मुलूख देवगडच्या गोंड राजांचा. नागपूर शहर वसवणारा बख्त बुलंद शहा त्याच घराण्यातला. पुढे नागपूरकर भोसल्यांचे राज्य आले, नंतर ते इंग्रजांनी खालसा केले. १९५६ मध्ये राज्यांची फेररचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके छिंदवाड्यातून काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा केला. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी बोलणारी माणसे म्हणजे काय हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. म्हणूनच की काय, मला त्या घरात कधी परके वाटले नाही.

भाज्यांनी तर फारच जवळीक केली. पहिल्या पावसानंतर तिथे तरोट्याची भाजी करतात. लग्नानंतर पहिल्यांदा ती पानात पडली तेव्हा मी ओरडलोच, "अरे, हा तर आमचा टायकळा!" आमची फागलां तिथे काटवल होतात, आमची काराती तिथे कारली. नावे बदलतात, वेल तोच.

पण या वेळचा पोळा वेगळा होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. पात्राच्या मधोमध पळसाचे झाड आणि झेंडा रोवतात आणि दोन काठांवरची माणसे एकमेकांवर दगड मारतात. हे बरे की वाईट, यावर घरात दरवर्षी वाद होतो आणि दरवर्षी सासरे काठावर बघायला जातातच. या वेळी मात्र ते ओसरीवर खुर्चीत बसून होते. उजव्या पायाला पट्टी. त्या पायाची दोन बोटे महिन्यापूर्वी नागपूरच्या एका इस्पितळात काढली होती.

संत्र्याच्या बागेत काटा रुतला आणि त्यांना कळलेच नाही. मधुमेहाने पायातली जाणीव गेली होती. चार-पाच दिवसांनी सासूबाईंना वास आला तेव्हा बघितले, तोवर बोटे काळी पडली होती. डॉक्टरांनी विचारले, गोळ्या चालू आहेत ना? तेव्हा उघड झाले की दीड वर्षापूर्वीच त्यांनी गोळ्या सोडल्या होत्या. रोज सकाळी उपाशीपोटी पेलाभर कारल्याचा रस, तेवढेच औषध.

"जवाईबापू, तुमीच तं लिवलं होतं," ते मला म्हणाले. रागाने नव्हे, हसून म्हणाले. "कारल्यात इन्शुलिन हाय मनून."

ते पत्र त्यांनी देवघरातल्या पोथीत जपून ठेवले होते. सासूबाईंनी काढून दाखवले. अक्षर माझेच. मला स्वतःला मधुमेह निघाला त्या वर्षी हौसेने बरेच वाचले होते आणि त्यातले काही त्यांना लिहून पाठवले होते. त्यात हे वाक्य होते : "जयपूरच्या शास्त्रज्ञांना कारल्यात वनस्पतिजन्य इन्शुलिन सापडले असून रुग्णांवर त्याचा गुण आला आहे." वाक्यात एकही गोष्ट खोटी नव्हती. पण एक शब्द मी गाळला होता. तो कोणता, ते पुढे सांगतो. गोव्याला परतल्यावर मी हा सगळा इतिहास पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला. मी कारकून माणूस, डॉक्टर नव्हे. पण फाईल अर्धवट वाचून शेरा मारू नये, एवढे मला नोकरीने शिकवले आहे, आणि तेच मी इथे केले नव्हते.

तर आता मुळापासून.

मधुमेह हा आपल्याकडे नवा रोग नाही. चरक आणि सुश्रुत दोघांनीही प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले, त्यांत मधुमेह हा एक. लघवी गोड होते आणि तिला मुंग्या लागतात, हे त्यांनी टिपून ठेवले होते. सुश्रुताने तर रोग्यांचे दोन वर्ग केले : जन्मतःच बीजदोष असलेले कृश रोगी आणि खाण्यापिण्याच्या अपथ्याने रोग ओढवून घेतलेले स्थूल रोगी. आजचे डॉक्टर जे दोन मुख्य प्रकार सांगतात त्यांच्याशी हे कितीतरी जुळते. उपाय काय सांगितले? जव, मूग, कडू भाज्या, हळद आणि आवळा. आणि धनहीन रोग्याला सुश्रुत सांगतो की पायात वहाणा न घालता शंभर योजने चाल, नाहीतर विहीर खण. म्हणजे भाजीच्या बरोबरीने घाम गाळणेही औषधातच होते. आपण त्यातली भाजी तेवढी उचलली आणि विहीर सोडून दिली! आणि आणखी एक गोष्ट सोडली. मधुमेह पूर्ण बळावला की तो असाध्य, असे त्याच ग्रंथांत स्पष्ट म्हटले आहे. कारल्याने मधुमेह मुळापासून जातो, असे सांगणाऱ्यांनी हे वाक्य वाचलेले नसते.

या विद्येच्या इतिहासात आपल्या गोव्याचाही वाटा आहे. पणजीच्या चर्चसमोरच्या बागेला ज्याचे नाव आहे तो गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य. त्याने इथल्या औषधी वनस्पतींवर लिहिलेला संवादरूपी ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात आपले जांभूळही आहे. पुढे डच अधिकारी व्हान रेड याने मलबारच्या वनस्पतींवर 'होर्तुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ काढला. त्याचे खंड १६७८ ते १६९३ या काळात निघाले. त्या कामी कोचीनचे रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट हे तीन कोंकणी वैद्य होते. नागरी लिपीत कोंकणीतून लिहिलेले त्यांचे निवेदन पहिल्या खंडात छापलेले आहे. त्याच ग्रंथात कारल्याचा वेल मल्याळी नावाने चित्रासकट आला. १७५३ मध्ये लिनियसने कारल्याला 'मोमोर्डिका' हे लॅटिन नाव दिले. त्याचे मूळ चावण्याच्या क्रियापदात आहे, कारण बिया कुणीतरी चावल्यासारख्या दिसतात. कारल्याला दात फुटले ते असे!

आता विसाव्या शतकात येऊ. १९२२ च्या जानेवारीत कॅनडातल्या टोरोंटो शहरात लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिन टोचले गेले आणि मरायला टेकलेला मुलगा उठून बसला. बॅंटिंग आणि बेस्ट यांची नावे सर्वांना माहीत असतात. पण ते इन्शुलिन माणसाला देण्याइतके शुद्ध केले जेम्स कॉलिप या रसायनशास्त्रज्ञाने. गंमत अशी की याच कॉलिपने १९२३ मध्ये कांद्याची पात, सलाडची पाने, घेवड्याची पाने यांचे अर्क काढून पाहिले. त्यांनी जनावरांची साखर उतरते असे त्याला दिसले आणि या वनस्पतींतल्या द्रव्याला त्याने 'ग्लुकोकायनिन' असे नावही दिले. जगभर खळबळ उडाली. मग हळूहळू ते नाव मागे पडले, कारण त्या अर्कांतून इन्शुलिनसारखे भरवशाचे औषध काही हाती आले नाही. म्हणजे भाजीत इन्शुलिन शोधायची कल्पना इन्शुलिनएवढीच जुनी आहे, आणि ती काही आपल्या एकट्यांची नाही.

आपल्याकडे कलकत्त्याला रामनाथ चोप्रा यांनी देशी औषधे तपासायला घेतली. १९२५ मध्ये त्यांनी आणि बोस यांनी तोंडलीच्या रानटी वेलावर प्रयोग केले. बंगालात त्याला तेलाकुचा म्हणतात आणि मधुमेहावर तो प्रसिद्ध. रोग्यांना ताजा रस दिला. निष्कर्ष निघाला की रक्तातली वा लघवीतली साखर उतरली नाही. चोप्रा हे देशी औषधांचे कट्टर पुरस्कर्ते होते, पण जे दिसले ते त्यांनी तसेच लिहिले. मुंबईकडे म्हसकर आणि कायस या जोडीने १९३० मध्ये गुडमारावर, म्हणजे मधुनाशिनीवर, अभ्यास प्रसिद्ध केला. गुडमाराचे पान चावले की थोडा वेळ साखरेची चवच लागत नाही. त्या पानांनी साखर उतरते असे त्यांना आढळले. याच जोडीने सर्पदंशावरच्या देशी वनस्पती तपासल्या आणि एकही उपयोगाची नाही असा निर्वाळा दिला. एकीकडे होय, एकीकडे नाही, दोन्ही त्याच लेखणीने. मला हे दोघे फार आवडतात.

तोंडलीची गोष्ट मात्र तिथे संपली नाही. २००८ मध्ये बेंगळुरूच्या डॉक्टरांनी नुकताच मधुमेह कळलेल्या, सौम्य आजाराच्या साठ रोग्यांवर चाचणी केली. निम्म्यांना तोंडलीच्या पाना-फळांचा एक ग्रॅम अर्क रोज ९० दिवस, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. कोणाला काय दिले हे रोग्यालाही माहीत नाही. अर्कवाल्यांची उपाशीपोटीची साखर सुमारे १६ टक्के आणि जेवणानंतरची १८ टक्के कमी झाली. म्हणजे १९२५ चे उत्तर शेवटचे नव्हते. पण लक्षात घ्या : अर्क मोजलेला, रोगी सौम्य, गोळी कोणाचीच बंद केलेली नाही. आपल्या ताटातली तोंडलीची भाजी म्हणजे तो अर्क नव्हे.

मेथीचेही तसेच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत शर्मा यांनी १९८० च्या दशकात आणि पुढे मेथीदाण्यांवर काम केले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत इन्शुलिन घेणाऱ्या रोग्यांना तेल काढलेल्या मेथीची पूड दिली, तेव्हा चोवीस तासांतली लघवीतली साखर ५४ टक्के उतरली. हा आकडा वाचून कोणीही हरखेल. पण पूड किती? दिवसाला १०० ग्रॅम! आपल्या घरात महिनाभर फोडणीला एवढी मेथी लागत नसेल. मेथीदाणा भिजला की बुळबुळीत होतो ना, तो चीक म्हणजे गॅलॅक्टोमॅनन नावाचा तंतू. तो पोटात अन्नाला धरून ठेवतो आणि साखर रक्तात सावकाश जाते. उपयोग खरा, पण जादू नव्हे.

आता कारले. जयपूरच्या खन्ना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये कारल्यातून इन्शुलिनसारखे काम करणारे एक प्रथिन वेगळे काढले. त्याला 'पॉलिपेप्टाइड-पी' म्हणतात. रोग्यांना ते दिल्यावर साखर उतरली. माझ्या पत्रातले वाक्य हेच. आणि मी गाळलेला शब्द असा : ते प्रथिन त्यांनी टोचून दिले होते, कातडीखाली सुई घालून. इन्शुलिन काय, कुठलेही प्रथिन काय, गिळले की पोटात डाळीतल्या प्रथिनासारखे पचून जाते. म्हणून तर इन्शुलिन घेणाऱ्याला सुई टोचावी लागते. पेलाभर रसातले ते प्रथिन सासऱ्यांच्या रक्तात इन्शुलिन म्हणून पोचणारच नव्हते. "टोचून" हा एक शब्द मी लिहिला असता, तर पुढची दीड वर्षे वेगळी गेली असती की नाही, मी सांगू शकत नाही. पण लिहायला हवा होता.

कारल्यात दुसरेही काही आहे. चारँटिन नावाचे द्रव्य आहे. २००८ मध्ये शांघाय आणि सिडनीच्या शास्त्रज्ञांनी दाखवले की कारल्यातली काही कडू द्रव्ये पेशीतला एक खटका दाबतात, त्यामुळे पेशी साखर आत ओढून घेतात. पण माणसांवरच्या चाचण्या? २०११ मध्ये थायलंडमध्ये कारल्याची पूड आणि मेटफॉर्मिनची गोळी यांची तुलना केली. रोज २००० मिलिग्रॅम पुडीने थोडा गुण आला, पण १००० मिलिग्रॅम मेटफॉर्मिनएवढा नाही. सगळ्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात, कारल्याला औषध म्हणून सुचवण्याइतका पुरावा नाही, असे म्हटले आहे.

आणि ही मेटफॉर्मिनची गोळी, जी मी रोज जेवणानंतर घेतो आणि जी सासऱ्यांनी "केमिकल" म्हणून फेकली, ती कुठून आली? युरोपात गॅलेगा नावाचे जांभळ्या फुलांचे एक रोप उगवते, घेवड्याच्या कुळातले. जुने वैद्य ते देत असत. त्यातले गॅलेगिन नावाचे द्रव्य साखर उतरवते, पण विषारी आहे. शास्त्रज्ञांनी त्याच कुळातली कमी धोक्याची द्रव्ये बनवून पाहिली. १९२२ मध्ये डब्लिनला वर्नर आणि बेल यांनी मेटफॉर्मिन तयार केले, ते तसेच पडून राहिले. १९५७ मध्ये पॅरिसच्या जाँ स्टेर्न यांनी ते मधुमेहींना दिले. अमेरिकेने तर १९९४ पर्यंत मान्यताच दिली नव्हती. पेशीतला जो खटका कारले दाबते, तोच हीही गोळी दाबते. तशीच गोष्ट सफरचंदाच्या झाडाच्या सालीची. तिच्यातून १८३५ मध्ये फ्लोरिझिन काढले, आणि त्याचा माग काढत काढत, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी आजची नवी औषधे आली.

म्हणजे पाला एका बाजूला आणि गोळी दुसऱ्या बाजूला, जाम नदीच्या दोन काठांसारखी, असे काही नाहीच. गोळी ही पाल्याचीच लेक. फरक इतकाच की तिच्यातले विष काढले, मात्रा मोजली आणि हजारो माणसांवर वर्षानुवर्षे तपासून घेतले.

मात्रा न मोजण्याचे भय किती खरे आहे याचा दाखला आपल्याच देशात आहे. २०१० मध्ये दिल्लीत दुधीचा कडू रस पिऊन एक मधुमेही शास्त्रज्ञ दगावले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने समिती नेमली आणि सांगितले की रस कडू लागला तर पिऊ नये, टाकून द्यावा. दुधी, काकडी, कारले हे एकाच कुळातले, आणि दुधीतले ते कडू द्रव्य म्हणजे वेलाने स्वतःच्या रक्षणासाठी केलेले विष. दुसरीकडे, साखर उतरवणाऱ्या गोळीबरोबर भरपूर कारले खाल्ल्याने साखर नको इतकी खाली गेल्याची नोंदही १९७९ पासून आहे. म्हणजे गुण आहे, म्हणूनच जपायला हवे.

हे सर्व मी का लिहितो आहे? २०२३ मध्ये देशभरच्या मधुमेहाच्या मोठ्या पाहणीचे आकडे आले. देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह, आणि राज्यांत पहिला क्रमांक आपल्या गोव्याचा, २६.४ टक्के. चार मोठ्या माणसांत एक! आमच्या कचेरीत जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की गोळ्यांच्या पट्ट्याही बाहेर येतात, आणि कोणी ना कोणी म्हणतोच, "अरे, त्या सोड, काराती खा." मीही तसे म्हणणाऱ्यांतला होतो.

परत निघताना सासऱ्यांजवळ बसलो. पत्रात राहून गेलेला शब्द त्यांना सांगितला. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "म्हंजे कारलं सोडू म्हंता का?" मी म्हटले, नाही, भाजी खा, भरली कारली खा, काटवल खा, तरोटा खा, पण डॉक्टरांना सांगून खा आणि गोळी सोडू नका. आणि रोज रात्री पायाचे तळवे सासूबाईंना बघू द्या. "बागेत जाऊ नको म्हनू नका फक्त," ते म्हणाले. ते कशाला म्हणू? सुश्रुत तर विहीर खणायला सांगतो. फक्त त्याने सांगितलेले अनवाणी चालणे मात्र तुमच्यासाठी नाही, जाणीव गेलेल्या पायाला घट्ट जोडा हवा, एवढे मी त्यांना बजावले.

सौंसरला साडूंकडे मुक्काम करून आम्ही नागपूरला आलो. साडूंनी वाटेसाठी पिशवीभर कारली दिली. मडगावला उतरलो तेव्हा ती जरा पिवळी पडली होती. बायकोने दुसऱ्या दिवशी त्यांची भाजी केली, गूळ न घालता. जेवलो आणि गोळी घेतली.

सासऱ्यांचा परवा फोन आला होता. जखम भरली आहे. जोडा घेतला आहे. ते जुने पत्र अजून पोथीतच आहे म्हणाले. मी दुसरे पाठवले आहे, ते आता वर ठेवायला सांगितले आहे.